नाइट संपवून निघालेल्यांना लस नको

महोदय,

रुग्णालयात कर्मचाऱ्यांना फ्लूची किंवा हिपॅटायटिस बीची लस द्यायची ठरली की वेळ सकाळची असते आणि रांगेत पुढे नाइट संपवून निघालेल्या सिस्टर असतात. ‘ओव्हर दिलात ना (म्हणजे पुढच्या पाळीला पेशंट सोपवलेत ना), मग जाता जाता टोचून घ्या,’ असं सांगतात. यात सोय कार्यालयाची होते, लशीचं मात्र नुकसान होतं.

आपल्या रोगप्रतिकारक पेशीसुद्धा शरीराच्या रोजच्या घड्याळावर चालतात. वॉर्डात ते रोज दिसतं. सूज आटोक्यात ठेवणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असतं, पहाटेपासून वाढू लागतं. पहाटे चारला दम्याचे पेशंट उशी छातीशी धरून उठून बसतात, नेब्युलायझरची धावपळ होते. आमवाताच्या आजींना सकाळच्या चहाचा कप धरवत नाही. त्याच आजी दहा वाजता स्वतःची वेणी घालतात. स्टेरॉइडची गोळी सहसा सकाळी देतात, तीही हाच ताल सांभाळून.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी पासष्टीपुढच्या लोकांना फ्लूची लस काहींना सकाळी ९ ते ११, तर काहींना दुपारी ३ ते ५ या वेळेत दिली. २०१६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की तीनपैकी दोन विषाणूंविरुद्ध सकाळच्या गटात अँटिबॉडी (विषाणूशी लढणारी रक्तातली प्रथिनं) जास्त वाढल्या. म्हणजे सकाळ चांगलीच. पण ती रात्री झोपलेल्याची. जर्मनीतल्या २००३ च्या एका छोट्या प्रयोगात हिपॅटायटिस ए ची लस घेऊन ती रात्र जागवलेल्यांत चार आठवड्यांनी अँटिबॉडी झोपलेल्यांच्या जवळपास निम्म्याच होत्या. आम्ही नाइटच्या सिस्टर लस घेऊन घरी जातो, दुपारी कशीबशी दोन तास पाठ टेकतो आणि रात्री पुन्हा ड्युटीवर हजर!

म्हणून मेट्रन आणि अधीक्षकांना कळकळीची विनंती : नाइट चालू असलेल्यांना लस त्यांच्या ऑफनंतर, दोन-तीन रात्री घरी झोप झाल्यावर द्यावी, आणि लस घेतली त्या रात्री ड्युटी लावू नये. रोस्टरही मॉर्निंग, इव्हिनिंग, मग नाइट असंच पुढे सरकू द्यावं. शरीराचं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असल्याने उशिरा झोपणं त्याला लवकर झोपण्यापेक्षा सोपं जातं. आणि हिपॅटायटिस बीच्या शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची तपासणी रुग्णालयाच्या खर्चाने व्हावी. हा आजार रक्तातून पसरतो, आणि वापरलेली सुई बोटात जाण्याची भीती घेऊन आम्हीच वावरतो.

— एक परिचारिका, सांगली