सगळेच वॉलेस नव्हते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांच्या राजकारणावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. गावरान बोलीत सभा गाजवणारा तिथला प्रत्येक नेता म्हणजे वर्णद्वेषावर मते मागणारा अलाबामाचा गव्हर्नर (तिथला लोकांनी निवडलेला राज्यप्रमुख) जॉर्ज वॉलेस, असा ग्रह तो वाचून होतो. त्याच अलाबामात वॉलेसच्या आधी जिम फॉलसम दोनदा (१९४७-५१ आणि १९५५-५९) गव्हर्नर झाला. लेखात त्याचे नावही नाही.

सहा फूट आठ इंच उंचीचा, विमा विकून पोट भरणारा हा गडी. १९४६ च्या प्रचारात सोबत 'स्ट्रॉबेरी पिकर्स' हा गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा ताफा, हातात मक्याच्या सालींचा पोछा आणि वर्गणीसाठी बादली. राजधानी घासूनपुसून काढायचे काम माझे, साबणाचे पैसे तेवढे तुम्ही टाका, असा त्याचा सूर. आता हा निव्वळ तमाशा वाटेल. पण तो मागत काय होता? गरिबाला मतदानापासून दूर ठेवणारा पोल टॅक्स (मतदानासाठी भरावा लागणारा कर) काढा, १९०१ पासून न हललेली विधिमंडळातल्या जागांची वाटणी बदला, शेतापासून बाजारापर्यंत पक्के रस्ते द्या. रस्ते झाले. बाकीचे कापूसपट्ट्यातले जमीनदार आणि बर्मिंगहॅमचे कारखानदार यांच्या विधिमंडळाने होऊ दिले नाही. फेरवाटणी झाली ती १९६० च्या दशकात, न्यायालयाने कान धरल्यावर.

१९४९ च्या नाताळच्या संदेशात त्याने सांगितले की, काळ्यांना दाबून ठेवाल तोवर इतर गरीबही त्यांच्याबरोबर दबलेलेच राहतील. त्या काळात, त्या राज्यात, मते मिळवण्यासाठी कोणी असे बोलत नसे. १९५५ मध्ये न्यूयॉर्कचे कृष्णवर्णीय खासदार अॅडम क्लेटन पॉवेल यांना त्याने आपल्या सरकारी निवासस्थानी बोलावून व्हिस्की पाजली आणि वर्षानुवर्षे त्याबद्दल बोलणी खाल्ली. १९५८ मध्ये जिमी विल्सन या काळ्या माणसाला दोन डॉलरहूनही कमी रकमेच्या लुटीसाठी मृत्यूची शिक्षा ठोठावली होती. जगभरातून पत्रांचा पाऊस पडला, फॉलसमने ती जन्मठेपेवर आणली.

तो संत मुळीच नव्हता. दारूवर ताबा नाही, दुसऱ्या कारकिर्दीत भोवतालच्या मंडळींनी सरकारी तिजोरीत हात घातलेले. मला सर्वांत खटकते ते फेब्रुवारी १९५६. ऑथरिन ल्यूसी ही कृष्णवर्णीय तरुणी अलाबामा विद्यापीठात पाऊल ठेवते, जमाव तिच्या जिवावर उठतो, आणि गव्हर्नर राज्याबाहेर मासे पकडायला गेलेले! एवढे सगळे बोलणाऱ्याने नेमके त्याच वेळी तिथे असायला हवे होते. विद्यापीठाने शेवटी तिलाच काढून टाकले.

सलग दोनदा गव्हर्नर होण्यास तेव्हा अलाबामाच्या घटनेने मनाई असल्याने १९५८ ची निवडणूक त्याला लढवता आली नाही. १९६२ ला पुन्हा उभा राहिला, पण पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाच्या आदल्या रात्री टीव्हीवर आला तो झिंगलेल्या अवस्थेत, पोटच्या पोरांची नावेही धड आठवेनात. थोडक्या मतांनी तो तिसरा आला आणि गव्हर्नरपद वॉलेसकडे गेले. हाच वॉलेस १९५४ मध्ये दक्षिण अलाबामात फॉलसमचा प्रचार सांभाळत होता. साध्या माणसाशी त्याच्या बोलीत बोलायची हातोटी त्याने तिथेच उचलली असणार, असे मला वाटते. तेव्हा लेखमालेच्या पुढच्या भागात वॉलेसची गोष्ट फॉलसमपासून सुरू करावी, ही विनंती.

– एक वाचक, सांगली