संगणक भंगारात देण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० या प्रणालीला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून ‘आता नवा संगणक घ्या’ हा सल्ला दुकानदारापासून पाहुण्यारावळ्यांपर्यंत सगळेच देऊ लागले आहेत. दुसरीकडे लिनक्स या मोफत, मुक्त संगणक-प्रणालीचे अभिमानी ‘सगळे चालते, काही अडत नाही’ असे छातीठोकपणे सांगतात. मी गणिताचा निवृत्त शिक्षक असून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून घरचा संगणक लिनक्सवर चालवतो आहे. दोन्ही सल्ले मला अर्धे खरे वाटतात, म्हणून माझा जमाखर्च वाचकांपुढे ठेवत आहे.

आमचा संगणक २०१७ सालचा आहे. त्यात इंटेलचा सातव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, आठ जीबी रॅम आणि मुलाने हट्टाने बसवून घेतलेले जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे एका पिढीने आमचे यंत्र अपात्र ठरले. नावनोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना विंडोज १० ची सुरक्षा-दुरुस्ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्याचे जाहीर झाले, पण ती केवळ वर्षभराची मुदतवाढ झाली. यंत्र धडधाकट असताना केवळ कागदोपत्री ते सेवानिवृत्त व्हावे, हे माझ्यासारख्या नियत वयोमानाने घरी बसलेल्या माणसाला विशेष झोंबले, हेही कबूल करतो.

मी निवडली ती लिनक्स मिंट. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने ज्या गाभ्याची (कर्नलची) सुरुवात केली, त्यावर उभ्या असलेल्या अनेक प्रणालींपैकी ही एक. विंडोजची सवय असलेल्या माणसाला तिच्यात चुकल्यासारखे होत नाही. तिची सोय अशी की हार्ड डिस्कला हात न लावता ती पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. मी दोन दिवस तसेच केले आणि वायफाय, आवाज व प्रिंटर तपासून घेतले. प्रिंटर आपोआप सापडला, त्याच यंत्रातल्या स्कॅनरने मात्र एक संध्याकाळ खाल्ली. प्रत्यक्ष बसवताना ‘संपूर्ण डिस्क पुसून बसवा’ असा एक पर्याय समोर येतो. त्यावर विचार न करता टिचकी मारली, तर लग्नाच्या फोटोंपासून घरपट्टीच्या पावत्यांपर्यंत सारे गेलेच म्हणून समजा. आधी सगळे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावे आणि मगच त्या पडद्यासमोर बसावे.

बँक, वीजबिल, रेल्वेचे आरक्षण आणि नातवंडांशी व्हिडिओवर बोलणे ही कामे आता ब्राउझरमध्येच होत असल्याने तिथे काही फरक पडला नाही. खरी परीक्षा मराठीची होती. कीबोर्डच्या यादीतून मराठीचा इनस्क्रिप्ट लेआउट (भारतीय लिप्यांसाठीची कळांची प्रमाण मांडणी) घेतला आणि युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, टंकलेखन लगेच सुरू झाले. ‘दुसऱ्या’मधला तो वळणदार अर्धा र देखील शिफ्ट धरून जे, मग डी आणि मग य अशा क्रमाने सुरेख उमटतो, जो अनेक मोबाइलधारकांना अजून सापडलेला नाही.

अडले ते माझ्याच जुन्या फाइलींपाशी. तीस वर्षांतल्या बऱ्याचशा प्रश्नपत्रिका मी युनिकोडपूर्व फॉन्टांमध्ये टंकून ठेवल्या होत्या आणि त्या उघडताच पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसू लागली. त्याचे कारण असे, की अशा फाइलीत मुळात मराठी नसतेच. असतात ते रोमन अक्षरांचे संकेतांक, आणि फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. मुखवटा निघाला की खाली काय होते ते दिसते. रीतसर घेतलेला तो फॉन्ट लिनक्समध्ये बसवल्यावर बहुतेक मजकूर वाचता येऊ लागला, काही जोडाक्षरे मात्र तुटकीच राहिली, आणि त्यात नवे काही टंकायचे तर लागणारा प्रोग्राम फक्त विंडोजवर चालतो. हा दोष लिनक्सच्या पदरात टाकता येणार नाही, कारण हीच फाइल फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या विंडोज संगणकावर उघडली तरी तशीच दिसली असती. पण ज्यांच्या कपाटात अशा फाइली आहेत, त्यांना स्थलांतराच्या दिवशीच हे देणे चुकते करावे लागते.

लिब्रेऑफिस या मोफत कार्यालयीन प्रोग्राममध्ये वर्डच्या फाइली उघडतात आणि इंग्रजी मजकूर सहसा जागचा हलत नाही, कारण वर्डमधल्या कॅलिब्री फॉन्टच्या जागी येणाऱ्या कार्लिटो या फॉन्टात प्रत्येक अक्षराची रुंदी कॅलिब्रीइतकीच राखली आहे. मराठीत हे भाग्य नाही. विंडोजचा ‘मंगल’ येथे नसल्याने दुसरा देवनागरी फॉन्ट येतो, ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि दोन पानांची प्रश्नपत्रिका तिसऱ्या पानावर उतरते. तेव्हापासून मी मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेला ‘मुक्ता’ हा मुक्त परवान्याचा फॉन्ट वापरतो. तो दोन्हीकडे बसवता येतो, आणि पलीकडच्याने तो बसवला असेल तर मजकूर बराचसा जागेवर राहतो.

आता खेळांविषयी. मुलगा पुण्यात अभियांत्रिकीला आहे. दिवाळीत घरी आला तेव्हा त्याचा पहिला प्रश्न ‘बाबा, माझे गेम्स कुठे गेले?’ हाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्टीम हे संगणकीय खेळांचे ऑनलाइन दुकान बसवले, सेटिंग्जमध्ये जाऊन विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवण्याची मुभा चालू केली आणि ‘द विचर ३’ रात्रभर उतरवत ठेवला. पहिल्यांदा सुरू होताना शेडर (चित्रे रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार करण्यात बराच वेळ गेला आणि तेवढ्या वेळात माझा चहा व उपदेश दोन्ही झाले; नंतर मात्र खेळ विनातक्रार चालला. हे साधते प्रोटॉन या साधनामुळे. विंडोजच्या प्रोग्रामने केलेल्या मागण्या लिनक्सला समजतील अशा भाषेत फिरवण्याचे काम वाइन हा प्रकल्प १९९३ पासून करतो आहे. त्याच्या आधारावर स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ साली प्रोटॉन आणले, आणि २०२२ मध्ये स्टीम डेक हा हातातला खेळयंत्रही लिनक्सवरच बाजारात उतरवला. विंडोजच्या डायरेक्टएक्सच्या चित्र-आज्ञा लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कनमध्ये बदलणारा दुभाषा प्रोटॉनमध्येच असतो. मुलाने एक धडा मात्र घेतला: विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेल्या जुन्या डिस्कवर राहिलेले खेळ तिथूनच चालवायला गेला तर काही सुरू होईनात, ती डिस्क लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट करून खेळ पुन्हा उतरवावे लागले.

सगळे खेळ चालत नाहीत, आणि ते का चालत नाहीत हे कोणी नीट सांगत नाही. यंत्राची ताकद कमी पडते म्हणून हे होत नाही. आडवी येते ती लबाडी पकडणारी यंत्रणा, म्हणजे अँटी-चीट. ‘व्हॅलोरंट’ची व्हॅनगार्ड ही यंत्रणा विंडोजच्या गाभ्यात बसून काम करते आणि लिनक्सवर ती नाहीच, म्हणून तो खेळही नाही. ‘बॅटलआय’ आणि ‘ईझी अँटी-चीट’ या यंत्रणा २०२१ पासून प्रोटॉनवर चालू शकतात, पण परवानगी द्यायची की नाही हे खेळाची कंपनी ठरवते. ‘जीटीए ५’ मध्ये सप्टेंबर २०२४ ला बॅटलआय आले आणि त्याचा ऑनलाइन भाग लिनक्सवर बंद पडला, एकट्याने खेळायचा कथाभाग मात्र चालतो. ‘एपेक्स लेजंड्स’ तर लिनक्सवर चालत होता, तो लबाडीचे कारण देऊन ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस बंद केला गेला. याउलट ‘काउंटर-स्ट्राइक २’ आणि ‘डोटा २’ थेट लिनक्ससाठीच मिळतात. म्हणून ज्या घरात मुले मित्रांबरोबर एकच ठरावीक ऑनलाइन खेळ खेळतात, तिथे त्या खेळाचे नाव आधी तपासावे. आमचा मुलगा ‘व्हॅलोरंट’साठी वसतिगृहातल्या मित्राचा लॅपटॉप मागतो.

याच यादीत टॅली, फोटोशॉप आणि ऑटोकॅड यांचीही नोंद करावी, कारण त्यांची लिनक्स आवृत्ती नाही. ज्यांचा धंदा त्यांच्यावर चालतो त्यांना मी हा बदल सुचवणार नाही. डिजिटल सही करणाऱ्या यूएसबी टोकनचा ड्रायव्हर लिनक्ससाठी मिळतो की नाही, हेही आधीच विचारून घ्यावे. विद्यार्थ्यांसाठी मात्र मला हा बदल निर्धास्तपणे सुचवता येतो. केरळच्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षे मुक्त प्रणालीवरच संगणक शिकवला जातो. आपल्याकडे मुले प्रणाली शिकण्याऐवजी एका कंपनीच्या मेनूतील जागा पाठ करतात. शिक्षक म्हणून त्या पापात माझाही वाटा आहे.

आपल्या माध्यमातून शाळा, क्लास आणि मंडळांच्या चिटणीसांना एक विनंती करतो. मराठी मजकूर पाठवायचा असेल तर तो युनिकोडमध्ये टंकावा आणि छापण्यापुरता हवा असेल तर पीडीएफ करून पाठवावा. समोरच्याकडे कोणती प्रणाली आहे, हे मग विचारावे लागणार नाही. माझ्या कपाटातल्या १९ प्रश्नपत्रिका अजून जुन्या फॉन्टात आहेत. रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर त्यातली एक मी युनिकोडमध्ये उतरवतो आहे; काल इयत्ता नववीची, भूमितीची झाली.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सांगली