अर्धा राजा त्यांच्याकडे, अर्धा आपल्याकडे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी ३१ वर्षं इतिहास शिकवला. गेले चार महिने मुलाकडे इंग्लंडमध्ये, लेस्टरला आहे. इथल्या माणसांना स्वतःच्या देशाचा इतिहास किती ठाऊक असतो आणि तो त्यांना कुठून कळतो, हे जवळून पाहायला मिळालं, म्हणून हे पत्र.

सूनबाईला इथल्या नागरिकत्वाची परीक्षा द्यायची आहे. ४५ मिनिटांत २४ प्रश्न, त्यातले १८ तरी बरोबर यायला हवेत. ती पोळ्या लाटते आणि मी पुस्तक उघडून तिला विचारत बसते. हेस्टिंग्जची लढाई? १०६६. मॅग्ना कार्टा? १२१५. तिसरा रिचर्ड कुठे पडला? बॉसवर्थच्या रणात, १४८५ ला. हा प्रश्न तिचा कधीच चुकत नाही, कारण त्या राजाचा सांगाडा २०१२ साली याच गावात, मोटारी लावायच्या जागेखाली सापडला.

शेजारच्या आजीबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या, जन्म इथलाच. एकदा चहाला आल्या तेव्हा हेच प्रश्न त्यांना विचारले. सनावळीत त्या अडखळल्या. पण आठव्या हेन्रीच्या सहा राण्यांचं काय काय झालं ते त्यांनी एका दमात सांगितलं. सहा राण्या, सहा शब्द. यमकातली ती ओळ लहानपणी पाठ झालेली. १६०५ मध्ये गाय फॉक्सच्या टोळीनं पार्लमेंट उडवायचा कट केला हेही त्यांना पक्कं माहीत, कारण दर ५ नोव्हेंबरला त्याची होळी पेटते. आणि राजा दुसऱ्या चार्ल्सबद्दल तर त्या असं बोलल्या, जणू घरातल्याच कुणाची गोष्ट.

या चार्ल्सच्या बापाचं मुंडकं पार्लमेंटच्या बाजूनं ३० जानेवारी १६४९ रोजी भर लंडनमध्ये उडवलं. पोरगा राज्य परत घ्यायला निघाला, १६५१ मध्ये वूस्टरला हरला आणि पळताना एक अख्खा दिवस ओकच्या झाडावर लपून बसला. शत्रूचे शिपाई त्याच रानात त्याला शोधत होते. ‘रॉयल ओक’ नावाचे पब इथं गावोगाव दिसतात, ते त्या झाडावरून. आजीबाईंना ही गोष्ट वडिलांनी अशाच एका पबची पाटी दाखवून सांगितली होती.

मी विचारलं, पुढं गादी परत मिळालेल्या या राजाला लग्नात काय मिळालं? त्यांना सांगता येईना. मी सांगितलं, मुंबई!

पोर्तुगालच्या राजकन्येशी, ब्रागांझाच्या कॅथरीनशी त्याचं लग्न ठरलं. १६६१ च्या करारानं मुंबई आणि आफ्रिकेतलं टँजिअर आंदण मिळालं, वर रोख रक्कम. १६६८ मध्ये त्यानं ती बेटं ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्यानं देऊन टाकली. आजीबाई कप हातात धरून नुसत्या बघत राहिल्या. मला मुंबईचं आंदण पाठ होतं, पण तो ओक ठाऊक नव्हता. त्यांना ओक ठाऊक होता, मुंबई नव्हती. एकच राजा, आम्ही दोघींनी अर्धा अर्धा वाटून घेतलेला.

त्या रात्री मला झोप लागेना. हा चार्ल्स जन्मला २९ मे १६३० ला. आपले शिवाजी महाराज १९ फेब्रुवारी १६३० ला. एकाच सालचे! चार्ल्सच्या बापाला वधस्तंभावर नेलं त्या दिवशी शहाजीराजे विजापूरच्या कैदेत होते. आणि १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाला नजराणा घेऊन आलेला ऑक्झिंडन हा कंपनीचा माणूस, म्हणजे याच राजाचा प्रजाजन. एकतीस वर्षं शिकवूनही मी हे दोन धागे कधी एकत्र बांधले नव्हते.

माझा नातू सहा वर्षांचा आहे. त्याच्या वर्गात सध्या १६६६ ची लंडनची आग चालू आहे. मुलांनी पुठ्ठ्याची घरं केली, काळ्या रंगानं लाकडी पट्ट्या रंगवल्या, एकमेकांना चिकटवून ओळीत मांडली आणि मोठ्यांनी ती मैदानात पेटवून दाखवली. पुडिंग लेनमधल्या बेकरीत लागलेली आग घराघरांतून कशी पसरली हे त्या पोरांना जन्मभर लक्षात राहील. असं शिकवणं बघून माझा ऊर भरून आला. पण तेव्हा गादीवर हाच दुसरा चार्ल्स होता आणि आगीनंतर दोनच वर्षांनी त्यानं मुंबई भाड्यानं दिली, हे पुढंही कुणी सांगेलच असं नाही. इथं इतिहास सक्तीचा चौदा वर्षांपर्यंतच. माध्यमिक टप्प्यात नाव घेऊन बंधनकारक केलेला विषय एकच, नाझींनी केलेला ज्यूंचा संहार. साम्राज्य आणि भारत हे सुचवलेल्या उदाहरणांत आहेत. घ्यायचं की नाही ते शाळेनं ठरवायचं.

आपल्याकडे तरी वेगळं काय? माझे आजोबा मुंबई विद्यापीठाचे मॅट्रिक. ट्यूडर, स्टुअर्ट ही इंग्लंडची राजघराणी त्यांना घडाघडा येत. तो अभ्यासक्रम राज्यकर्त्यांचा होता, तो गेला ते योग्यच झालं. पण त्याबरोबर इंग्लंडचा राजा नुसता ‘इंग्लंडचा राजा’ होऊन बसला. माझ्या वर्गात एका मुलीनं विचारलं होतं, “बाई, आंदण घेणारा तो राजा कोण? त्याचं पुढं काय झालं?” मी म्हणाले, “परीक्षेला नाही ते, पुढं वाच.” तिचा खाली गेलेला चेहरा मला अजून आठवतो. उत्तर मलाच माहीत नव्हतं, हे मी तिला सांगायला हवं होतं.

आपल्या वाचकांत शिक्षक खूप आहेत. त्यांना माझी कळकळीची विनंती, पाठ्यपुस्तकातल्या मुंबईच्या आंदणाच्या ओळीपाशी पाच मिनिटं थांबा. राजाचं नाव सांगा, ओकच्या झाडाची गोष्ट सांगा, तो महाराजांच्याच वयाचा होता हे सांगा. आणि दर उन्हाळ्यात इकडे मुलांकडे येणाऱ्या आजी-आजोबांनी गोष्टीचा आपला अर्धा भाग नातवंडांना सांगावा. नातवानं मुंबईची गोष्ट वर्गात सांगितली. येत्या बुधवारी सात बेटांचा नकाशा घेऊन त्याच्या बाईंनी मला शाळेत बोलावलं आहे. नकाशा हातानं काढते आहे. माहीम आणि वरळी झाली, कुलाबा राहिला आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा
(सध्या मुक्काम लेस्टर)