टोपलीत मांजर घेऊन बसलेल्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं उघडंच लिहितोय. कुणाकडून तरी तुमच्यापर्यंत पोचेल.

जनावरांच्या दवाखान्यात आपण एकाच बाकावर बसलो होतो. तुमच्या मांडीवर झाकणाची टोपली, आत म्हातारी मांजर. माझ्या पायाशी बंड्या, दोन दिवसांपासून जेवणाला तोंड न लावलेला. माझ्या हातात गोचिड्यांच्या औषधाची नळी होती, मानेवर थेंब टाकतात ती. मी घरी फोनवर सांगत होतो, "मोठ्या कुत्र्याची नळी मिळाली आहे. अर्धी बंड्याला लावू, उरलेली चिमीला."

दुसऱ्याचं फोनवरचं बोलणं ऐकू नये म्हणतात. तुम्ही ऐकलंत, आणि मी फोन ठेवायच्या आत विचारलंत, "चिमी म्हणजे मांजर का हो?"

मग ते खोकं माझ्या हातातून घेऊन, चष्मा कपाळावर सरकवून, तुम्ही मागची बारीक अक्षरं वाचलीत. आत पर्मेथ्रिन, म्हणजे कीटकनाशक. कुत्र्याला चालतं. मांजरीचं यकृत मात्र ते नीट मोडू शकत नाही, त्यामुळे अंगाला कंप सुटतो, झटके येतात, जीवही जातो. त्या खोक्यावर मांजरीवर काट मारलेलं चित्र होतं. मी ते पाहिलं होतं आणि नक्षी समजून सोडून दिलं होतं! चिमी रोज बंड्याच्या कुशीत झोपते हे कळल्यावर तर तुम्ही कपाळालाच हात लावलात. म्हणालात, मांजरीला लावणं सोडाच, कुत्र्याला लावलं तरी दोन-तीन दिवस दोघांना वेगळं ठेवावं लागेल. शिवाय नळी वजनावर ठरलेली असते, तिचे अंदाजाने वाटे करायचे नसतात.

एवढं सांगून तुम्ही थांबला असतात तरी मी जन्मभर ऋणी राहिलो असतो. पण आमचा नंबर यायला वेळ होता, आणि तुम्हाला, खरं सांगू का, बोलायला आवडतं.

माझी तक्रार अशी होती की गेल्या महिन्यात बंड्याला औषधाने अंघोळ घातली, एकूण एक गोचीड काढली, तरी पंधरा दिवसांत पुन्हा तेच. त्यावर तुम्ही विचारलंत, "भिंती बघितल्या का?" मला वाटलं, बाई भलतंच विचारतायत. मग तुम्ही बोटांवर मोजून दाखवलंत. ही तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा कुत्र्यावर चढते आणि तीनदा उतरते. अंड्यातून निघालेलं सहा पायांचं पिल्लू रक्त पिऊन खाली पडतं, कात टाकतं, आठ पायांचं होऊन पुन्हा चढतं. शेवटी टम्म फुगलेली मादी उतरते ती वरच्या दिशेला निघते. चौकटीच्या फटी, पडद्याची दांडी, फोटोची मागची बाजू, अशा जागी एकेक मादी दोन-तीन हजार अंडी सहज घालते. म्हणजे मी कुत्रा धूत बसलो होतो आणि कारखाना भिंतीत चालू होता.

त्याच रात्री विजेरी घेऊन स्टुलावर चढलो. पडद्याच्या दांडीमागे काय दिसलं ते इथे लिहीत नाही, लोक जेवत असतील. तेव्हापासून फटी लांबीने बुजवल्या. बंड्याचं अंथरूण दर आठवड्याला कडक गरम पाण्यात जातं. हवा उबदार आणि दमट झाली की व्हॅक्यूम रोज फिरतो, कोपऱ्यांसकट, आणि त्यातली पिशवी लगेच बांधून घराबाहेर. पिसवांनाही हाच उपाय, असं तुम्ही म्हणाला होतात, कारण अंगावर दिसतात त्या थोड्या, बाकी सगळी अंडी, अळ्या आणि कोष चटईत. तुमची ओल्या कागदाची युक्तीही करून पाहिली. फणीने निघालेले काळे कण पांढऱ्या ओल्या कागदावर टाकले, तर भोवती तांबूस डाग पसरला. साधी धूळ नव्हे, पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. चिमीच्या अंगावरचं. तिला मग डॉक्टरांनी मांजरीचंच औषध दिलं.

गोचीड काढण्याबाबत मात्र मला तुमचा ओरडा बसला, आणि तो योग्यच होता. मी रॉकेलचा बोळा लावत होतो, कधी उदबत्तीचा चटका देत होतो. तुमचं म्हणणं, त्याने ती भेदरते आणि पोटातलं कुत्र्याच्या रक्तात ओकते. टोकदार चिमट्याने कातडीलगत धरायचं, न पिळता सरळ, सावकाश ओढायचं. नखाने चिरडायचं नाही.

मात्र सगळ्यात मोठे उपकार बंड्यावर. उठताना तुम्ही त्याचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्यात आणि म्हणालात, "नुसतं गोचिड्यांचं औषध मागू नका. फिकट दिसतोय. रक्त तपासा म्हणून सांगा." मी तसं सांगितलं. प्लेटलेट्स फार खाली गेल्या होत्या. गोचिडीतून होणारा एर्लिचिया नावाच्या जिवाणूचा संसर्ग निघाला. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या 28 दिवस चालल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याने माझी चप्पल पळवली तेव्हा घरात सगळ्यांना इतका आनंद झाला की चप्पल परत घेतलीच नाही.

ती नळी बंड्यालाही लावली नाही. डॉक्टरांनी त्याऐवजी त्याच्या वजनाची चावून खायची गोळी सुरू केली, त्यामुळे चिमीला कुशीतून हाकलावं लागत नाही. गोळीनंतरही अंगावर गोचीड दिसली आणि मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. चावल्याशिवाय ती मरत नाही, हे तेवढं एक तुम्ही सांगायचं विसरला होतात. कॅलेंडरवर आता पुढच्या गोळीच्या तारखेला गोल केलेला असतो.

तुमचा नंबर लागला आणि तुम्ही टोपली छातीशी धरून आत गेलात. मागोमाग दुसऱ्या खोलीत आम्हाला बोलावलं. बाहेर येऊन पाहतो तर बाक रिकामा. एवढा वेळ आपण माझ्याच जनावरांबद्दल बोललो. तुमची मांजर कशासाठी आणली होती, हे मी विचारलंच नाही. कशी आहे ती?

तुमचा ऋणी,
बंड्या आणि चिमीचा माणूस