पावसातला ईस्टर आणि कपाटामागची भिंत

चि. सौ. मनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोन ठेवताना म्हणालीस, "बाबा, इराच्या खोकल्याशिवाय दुसरं काही विचारत चला." बरं. या पत्रात खोकला नाही.

वेल्सचं कॅरॅव्हॅनचं बुकिंग रद्द केलंत ते योग्यच केलंत. आम्हीच तुमच्याकडे आलो असतो, पण ईस्टरला रेल्वेवाले नेमके रूळ उकरायला काढतात आणि अर्ध्या वाटेत उतरवून बसमध्ये कोंबतात. आईच्या गुडघ्याला ते झेपणारं नाही. निखिल गाडी घेऊन येतो म्हणाला, त्याला मीच नको म्हटलं. त्याने घरात थांबावं. का ते पुढे येईल.

आधी बाजार. रविवारी मोठं सुपरमार्केट उघडायचं नाही. १९९४ च्या रविवारच्या दुकानांच्या कायद्याप्रमाणे इंग्लंड आणि वेल्समध्ये २८० चौरस मीटरपेक्षा मोठी दुकानं ईस्टर संडेला बंदच ठेवावी लागतात. कोपऱ्यावरचं दुकान उघडं असतं, पण तिथे दूध संपलेलं असतं. दूध, ब्रेड, इराचं दही शनिवारीच आणून ठेव. आणि इराचा निळा इनहेलर हलवून "आहे अजून" असं ठरवू नकोस. औषध संपलं तरी डबीत गॅस उरतो, फवारा येतो, आवाजही येतो. बऱ्याच डब्यांना आकडा नसतो. २०० फवारे लिहिलेले असतात, ते आपणच मोजायचे. सर्जरी, म्हणजे डॉक्टरांचा दवाखाना, गुरुवारी संध्याकाळी बंद झाली ती थेट मंगळवारी उघडणार. मध्ये लागलाच तर १११ या आरोग्य मदतीच्या फोनवर सांगायचं, ते उघड्या फार्मसीत सोय करून देतात. इराला पैसे पडत नाहीत. स्पेसर, ती इनहेलरला लावायची प्लॅस्टिकची नळी, महिन्यातून एकदा कोमट साबणपाण्यात धुवायचा आणि तसाच निथळू द्यायचा. फडक्याने पुसलास तर प्लॅस्टिकवर विद्युतभार चढतो आणि औषध भिंतीलाच चिकटतं.

हे खोकल्याबद्दल नव्हतं, बाजाराबद्दल होतं.

हॉट क्रॉस बन, ते ईस्टरचे वर क्रॉस काढलेले गोड पाव, घरी करायचे म्हणालीस. ५०० ग्रॅम ब्रेडचं मैद्याचं पीठ, ७ ग्रॅमची यीस्टची पुडी, ७५ ग्रॅम साखर, ५० ग्रॅम लोणी, एक अंडं, चमचाभर मीठ, दालचिनी, मूठभर बेदाणे आणि साधारण ३०० मिली दूध. दूध बोटाला कोमट लागेल इतकंच तापव. चटका बसला तर यीस्ट मेलंच समज. दहा मिनिटं मळायचं. तुमच्या स्वयंपाकघरात पीठ फुगत नाही ते थंडीमुळे, तुझ्या हाताचा दोष नाही. न पेटवलेल्या ओव्हनमध्ये खालच्या कप्प्यात उकळत्या पाण्याचा ट्रे ठेव, वर पीठ ठेव आणि दार लाव. तासाभरात दुप्पट होईल. मग बारा गोळे करून पुन्हा पाऊण तास. क्रॉसचं पीठ ७५ ग्रॅम मैद्याला पाच मोठे चमचे पाणी, जास्त नको, नाहीतर क्रॉस ओघळून ट्रेवर बसतो. २०० अंशांवर वीस मिनिटं. वाफ त्या ट्रेचीही येते, तेव्हा ओव्हन उघडताना पंखा चालू हवा.

घरातल्या घरात अंडी लपवणार असाल तर किती लपवली ते लिहून ठेवा आणि रेडिएटरजवळ एकही नको. ती कडक कवचाची छोटी चॉकलेटची अंडी इराला अख्खी द्यायची नाहीत. चारच वर्षांची आहे, घशात अडकतात. लाटण्याने चुरून द्या.

आता निखिलचं काम. इतकी वर्षं कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, घरांची ओल तपासली त्यावरून सांगतो, पन्हळ उन्हात बघून काही कळत नाही. ती भर पावसातच बघायची. छत्री घेऊन बाहेर उभं राहायचं आणि पाणी कुठून जातंय ते वर बघायचं. सांध्यातून ठिबकतंय का, मध्येच काठावरून सांडतंय का, उभ्या पाइपाच्या मागे भिंत काळपट ओली दिसतेय का. तुमच्या हॅलिफॅक्सची ती दगडी घरं एकसंध भिंतीची, मध्ये पोकळी नाही. बाहेर सांडलेलं पाणी हळूहळू आत झिरपतं. बहुतेक वेळा शेवाळाचा गोळा अडकलेला असतो. शिडीवर चढू नये, फोटो काढावा. चार दिवस सलग पाऊस आणि माणसं घरात, असा योग वर्षातून क्वचित येतो.

आत इराच्या खोलीत कपाट चार बोटं पुढे ओढा. मागे कोपऱ्यात काळे ठिपके असतील तर ती घरातल्याच वाफेची बुरशी. पिवळट कडेचा डाग असेल आणि पावसानंतर पसरत असेल तर पाणी बाहेरून येतंय. खात्री नसेल तर ॲल्युमिनियमची फॉइल वीतभर कापून चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लाव आणि दोन दिवस ठेव. खोलीकडच्या बाजूला दव धरलं तर वाफ, मागच्या बाजूला धरलं तर भिंत. बुरशी कोरड्या ब्रशने घासू नका, ती खोलीभर उडते. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाका, आणि इरा तेव्हा खाली असू दे. वरून रंग तर मुळीच मारू नका.

कपडे रेडिएटरवर टाकू नकोस. एका मशीनभर कपड्यांतून दोनेक लिटर पाणी हवेत जातं. बाथरूममध्ये दोरी बांध, दार बंद, पंखा चालू. पंखा खरंच ओढतो का ते बघायला टॉयलेट पेपरचा एक तुकडा जाळीला लाव. चिकटून राहिला तर ठीक. पडला तर तो पंखा नुसता आवाज करतो. डीह्युमिडिफायर लावलास तर खिडकी बंद ठेव, नाहीतर तो यॉर्कशायरची हवा सुकवत बसेल.

आजी पावसाळ्यात तुझी दुपटी शेगडीवर टोपली पालथी घालून सुकवायची, वर वेखंडाची धुरी. दुपट्यांचा तो वास, आणि तू त्यात गुंडाळलेली, नाक तेवढं बाहेर. आजी असती तर इरालाही धुरी दिली असती. तू मात्र उदबत्तीसुद्धा लावू नकोस. देवाला चालतं.

पुन्हा भाषण झालं. रागावू नकोस. घरमालकाला लिहिलेली तुझी ईमेल आईने वाचून दाखवली. तारखा, फोटो, कोणत्या खोलीत, कधी कळवलं, सगळं क्रमाने. मी नोकरीत असताना असं पत्र टेबलावर आलं असतं तर दुसऱ्या दिवशी माणूस पाठवावाच लागला असता. आईला दोनदा वाचायला लावली.

पण मला झोप का लागत नाही ते एकदा सांगतो. डिसेंबर २०२० मध्ये रॉचडेलला दोन वर्षांचं पोर घरातल्या बुरशीमुळे गेलं. तक्रारी केलेल्या होत्या. डोंगर ओलांडला की रॉचडेल, तुला माहीत आहे. त्यावरून कायदा झाला, ऑक्टोबर २०२५ पासून कौन्सिल आणि हाउसिंग असोसिएशन (कमी भाड्याची घरं देणाऱ्या संस्था) यांच्या घरांना लागूही झाला. तातडीचा धोका असेल तर २४ तासांत तपासून तो दूर करायचा. तुमच्या खासगी भाड्याच्या घराला तो अजून लागू नाही. म्हणून मी पुन्हा पुन्हा विचारतो. घरमालकाने नुसता रंगारी पाठवला तर कौन्सिलच्या पर्यावरण आरोग्य विभागाला कळव, ते घर बघायला येतात. घाबरून राहू नकोस.

आई म्हणते, चैत्र आहे, आंब्याची डाळ कर. वाटीभर हरभऱ्याची डाळ चार तास भिजवून भरड वाट, त्यात अर्धी वाटी कैरीचा कीस. कैरी फार आंबट असेल तर साखर थोडी वाढव. वरून हिंगाची फोडणी. याला वाफ लागत नाही.

निखिलला आशीर्वाद, इराला गोड पापा.

तुझा,
बाबा

ता. क. मंगळवारी सकाळी आठला सर्जरीचे फोन सुरू होतात. आठ म्हणजे आठ, सव्वाआठला त्या दिवसाच्या वेळा संपलेल्या असतात. इरा रात्री किती वेळा उठली ते चारही रात्री कागदावर लिहून ठेव, डॉक्टर तेच विचारतील. आणि फॉइलचा फोटो मला पाठव.