नुसता पट बघून गट पाडू नका

संपादक महोदय,

आम्ही डॅलसजवळ राहतो, मुलगा शाळेच्या टीममधे अमेरिकन फुटबॉल खेळतो. टेक्सासात यूआयएल, म्हणजे शाळांच्या स्पर्धा चालवणारी संस्था, दर २ वर्षांनी शाळेचा पट बघून १ए (सगळ्यात लहान) ते ६ए असे गट पाडते आणि प्लेऑफ, म्हणजे हरला की बाहेर अशा मॅचेस, त्याच गटात, इथपर्यंत ठीकय, पण पट सारखा म्हणून टीम सारखी होते का? एकीकडे इनडोअर ग्राउंड, ढीगभर कोच, आणि दुसरीकडची निम्मी पोरं शाळा सुटली की कामावर पळतात, मग पहिल्याच राउंडला धुव्वा उडतो आणि रडलेलं दिसू नये म्हणून पोरं हेल्मेट काढत नाहीत, बघवत नाही हो. मिनेसोटात घरच्या कमी उत्पन्नामुळे फ्री किंवा सवलतीच्या लंचला पात्र ठरणाऱ्या मुलांचा काही हिस्सा पटातून वजा करून मग गट ठरवतात, म्हणजे अशी मुलं जास्त असलेली शाळा लहान शाळांच्या गटात जाऊ शकते. टेक्सासनेही तसंच करावं. यूआयएलचे नियम ठरवणाऱ्या कौन्सिलवर स्कूल डिस्ट्रिक्टचे प्रमुख, म्हणजे सुपरिंटेंडंटच असतात, तर इथल्या मराठी पालकांनी आपापल्या सुपरिंटेंडंटना हे लिहून कळवा.

– एक पालक, टेक्सास