द्राक्षाच्या पेटीमागची माहिती बागेपर्यंत परत यावी

महोदय,

माहिती तंत्रज्ञानामुळे उद्योगांना काय लाभ होतो, हा विषय निघाला की उदाहरणे दिली जातात ती बँकांची, मोटार कारखान्यांची, नाहीतर ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांची. नाशिक जिल्ह्यातून युरोपात जाणाऱ्या द्राक्षांचे नाव या चर्चेत क्वचितच येते. वास्तविक मायकेल पोर्टर यांनी १९८५ मध्ये मांडलेली मूल्यसाखळी, म्हणजे माल आत येण्यापासून विक्रीनंतरच्या सेवेपर्यंत कंपनी टप्प्याटप्प्याने मालाचे मोल कसे वाढवत नेते याची मांडणी, निफाड-दिंडोरीकडच्या निर्यातक्षम पॅकहाऊसमध्ये, म्हणजे माल निवडून पेट्यांत भरण्याच्या केंद्रात, उभ्या उभ्या पाहायला मिळते.

२००३ मध्ये कीडनाशकांच्या अंशांवरून आपली द्राक्षे नेदरलँड्समध्ये अडकली आणि त्या धक्क्यातून पुढे अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात प्राधिकरणाची ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय व्यवस्था उभी राहिली. कृषी विभागाकडे प्लॉटची नोंदणी, प्रत्येक प्लॉटला स्वतंत्र क्रमांक, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा रेसिड्यू (कीडनाशकांच्या अंशांचा) अहवाल, पॅकहाऊस आणि शेवटी आरोग्य प्रमाणपत्र हे सगळे तिने एका धाग्यात ओवले. अहवालात प्लॉट नापास झाला, तर त्या प्लॉटच्या मालाची युरोपची वाट तिथेच बंद होते. निर्यातदार कंपनीच्या दृष्टीने हे खरेदीवरचे नियंत्रण आहे आणि ते तिच्या एकटीच्या बळावर उभे राहिले नसते.

अर्थात संगणकाला जे विचारले जाते, तेवढेच तो सांगतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे आपण ज्याला लिहोसिन म्हणतो त्या वाढरोधकाचे अंश सापडल्याने युरोपने आपला माल पुन्हा नाकारला, तेव्हा सगळ्या नोंदी व्यवस्थित होत्या. तपासायच्या रसायनांच्या यादीत ते रसायनच नव्हते. पुढे ते यादीत आले, पण तोपर्यंत हंगाम गेला होता.

आता कंपन्यांच्या आतल्या व्यवहाराकडे येतो. हिशेब, जीएसटी आणि बिले संगणकावर असतात, त्याविषयी तक्रार नाही. अडचण होते ती दोन टप्प्यांच्या सांध्यावर. बागेतून आलेल्या क्रेटवर पेनाने लिहिलेली चिठ्ठी खोचलेली असते. ती दवाने भिजली किंवा उतरवताना दोन प्लॉटचे क्रेट एकत्र झाले, की प्रयोगशाळेपर्यंत जपलेली ओळख वजनकाट्यावरच पुसली जाते. ज्यांनी गेटवरच क्रेटला बारकोड लावून तोच क्रमांक प्रतवारी, प्रीकूलिंग (माल झटपट थंड करणे) आणि पॅलेटपर्यंत (पेट्यांच्या बांधलेल्या थप्पीपर्यंत) नेला आहे, त्यांना कोणता माल किती वेळ उन्हात थांबला हेही कळते. कंटेनरमधल्या तापमान नोंदणी यंत्राची जोड मिळाली, तर न्हावाशेवा ते रॉटरडॅम या प्रवासाचाही हिशेब लागतो. तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे २०२४ च्या हंगामात जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा या नोंदींची किंमत अधिकच वाढली.

माझा मुख्य मुद्दा मात्र पुढेच आहे. ही सगळी माहिती एकाच दिशेने वाहते. फवारणीची वही, छाटणीची तारीख, औषधाचे नाव हे सारे उत्पादक देतो. त्याच्याकडे परत येतो तो बहुधा काही आठवड्यांनी फोनवर सांगितलेला पैशांचा एक आकडा आणि ‘क्लेम लागला’, म्हणजे मालाच्या तक्रारीवरून पैसे कापले गेले, एवढे दोन शब्द. क्लेम कशाचा, हे कळणे फार महत्त्वाचे आहे. मणीगळ झाली असेल तर बागेतल्या कामात काही चुकले का, हे पाहावे लागेल. देठ सुकले असतील तर काढणीनंतर माल थंड करायला उशीर झाला असण्याची शक्यता अधिक. आणि माल टिकावा म्हणून पेटीत ठेवलेल्या गंधकाच्या पॅडमुळे मणी पांढरे पडले असतील, तर त्या नुकसानीची कपात शेतकऱ्याच्या पैशातून होण्याचे कारण काय? पॅलेटचा क्रमांक प्लॉटच्या क्रमांकाशी जोडलेला असताना याचे उत्तर कंपनीच्या संगणकात काही क्षणांत मिळू शकते.

ग्राहकाचे नाव आणि विक्रीचा दर ही व्यापारातली गुपिते आहेत, असे निर्यातदार म्हणतील. ते मान्य करूनही प्रतवारीत किती माल कोणत्या कारणाने बाजूला काढला, परदेशात पेटी उघडल्यावर गुणवत्तेचा अहवाल काय आला आणि कपात कोणत्या कारणासाठी झाली, एवढे उत्पादकाला मोबाइलवर दाखवता येईल. यात कंपनीचाही स्वार्थ आहे, कारण कपात का झाली हे कळलेला उत्पादकच पुढच्या एप्रिल छाटणीपासून सुधारणा करू शकतो.

पॅकहाऊसला मान्यता अपेडा देते. त्या मान्यतेच्या नूतनीकरणासाठी असा अहवाल उत्पादकाला देणे बंधनकारक करावे आणि येत्या हंगामाच्या गोडी छाटणीपूर्वी (फळांसाठीच्या छाटणीपूर्वी) तसा निर्णय जाहीर करावा, ही विनंती आपल्या वृत्तपत्रामार्फत संबंधितांपर्यंत पोहोचवावी.

आपला,
एक द्राक्ष उत्पादक,
ता. निफाड, जि. नाशिक